पटकीचा पराभव १८८४ मध्ये झाला नाही

१/
पटकीवर, म्हणजे कॉलऱ्यावर, विजय कोणी मिळवला असे विचारले की इतिहासप्रेमी तरुण एका दमात उत्तर देतो : रॉबर्ट कॉख, कोलकाता, १८८४. हे उत्तर पाठ्यपुस्तकाला धरून आहे, इतिहासाला धरून नाही. कॉखने जंतू दाखवून दिल्यानंतर १६ वर्षांनी, १९०० या एकाच वर्षी, ब्रिटिश हिंदुस्थानात पटकीने सुमारे ८ लाख माणसे नेली. शत्रूचे नाव, रूप, ठिकाण सारे ठाऊक झाले होते. मग माणसे का मरत राहिली?

२/
रोगाच्या इतिहासात दोन तारखा असतात. एक, जंतू दिसल्याची. दुसरी, रोगी वाचू लागल्याची. पहिली तारीख पुतळ्यांवर कोरली जाते, दुसरी बहुधा कोणाला सांगताही येत नाही. पटकीच्या बाबतीत या दोन तारखांत ८७ वर्षांचे अंतर आहे. हे अंतर केवळ अज्ञानाचे असते तर तक्रारीला जागा नव्हती. पण त्यातला मोठा हिस्सा तुच्छतेचा आहे, आणि हा धागा त्या तुच्छतेविरुद्ध आहे.

३/
रोग जुना आहे आणि त्याची नावेही जुनी आहेत. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात गार्सिया द ऑर्टा या पोर्तुगीज वैद्याने या व्याधीचे वर्णन केले आणि तिचे स्थानिक नावही नोंदवले. ते नाव म्हणजे कोकणी-मराठीतील ‘मोडशी’. पुढे युरोपीय जिभांनी त्या शब्दाचे हवे तसे अपभ्रंश केले. गावोगावच्या वेशीवर जरीमरीची देवळे उभी राहिली, ती या रोगासारख्या साथींच्या धाकानेच. ज्या दुखण्याला दैवत लागते, त्याच्यावर माणसाचा इलाज चालत नाही अशी समाजाची खात्री झालेली असते.

४/
१८१७ मध्ये बंगालातील जेसोरकडून उठलेली साथ मात्र पूर्वीच्या साऱ्यांहून निराळी ठरली. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली, हे मराठी वाचकास ठाऊक असते. त्याच महिन्यात बुंदेलखंडात पेंढारी आणि मराठे यांच्यावर चालून निघालेल्या लॉर्ड हेस्टिंग्जच्या फौजेत पटकी शिरली आणि गव्हर्नर जनरलला छावणी हलवावी लागली, हे फारच थोड्यांस ठाऊक असते. पुढच्या वर्षी, पेशवाई बुडाली त्या वर्षी, साथ दख्खन ओलांडून मुंबईस पोहोचली. लढायांच्या नकाशात तिला बाण नाही.

५/
रोगाचे रूप भयंकर. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी ओळखू येत नाही. तांदळाच्या धुवणासारखे पातळ जुलाब, उलट्या, पोटऱ्यांत गोळे, खोल गेलेले डोळे, सुरकुतलेली बोटे, बसलेला आवाज, निळसर पडलेली कातडी. शरीरातून तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकते. माणूस विहिरीकाठी बसून तहानेने मरतो. या एका वाक्यात रोगाचे निदान आणि त्यावरचा उपाय दोन्ही दडलेले आहेत. ते वाचायला वैद्यकाला दीड शतक लागले.

६/
तेव्हाचे प्रतिष्ठित डॉक्टर काय करत? रक्त काढत. कॅलोमेल म्हणजे पाऱ्याचे क्षार देऊन आणखी जुलाब करवत. अफू देत. ज्याच्या अंगातले पाणी संपत चालले आहे त्याच्या शिरेतून रक्त काढायचे आणि पाणी मागितले तर आखडता हात घ्यायचा, याला त्या काळी शास्त्र म्हणत. रुग्ण मेला की रोग असाध्य ठरे; उपचारावर कोणी बोट ठेवत नसे.

७/
१८३१ मध्ये साथ इंग्लंडात पोहोचली. विल्यम ओशॉनसी नावाच्या २२ वर्षांच्या आयरिश डॉक्टराने रोग्यांचे रक्त रासायनिक पद्धतीने तपासले. त्याचा निष्कर्ष ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आला : रक्तातले पाणी गेले आहे, मीठ गेले आहे, क्षार गेले आहेत, गेले ते परत द्यावे. मे १८३२ मध्ये एडिंबरोजवळच्या लीथ येथे थॉमस लाटा याने हा सल्ला प्रत्यक्षात आणला. मरणाच्या दारातील एका वृद्धेच्या शिरेत त्याने मिठाचे पाणी सोडले.

८/
अर्ध्या तासात ती स्त्री बोलू लागली. लाटाने तिला रुग्णालयातील डॉक्टराच्या हवाली केले. जुलाब पुन्हा सुरू झाले, पाणी पुन्हा कोणी दिले नाही, आणि साडेपाच तासांनी ती गेली. दिलेले पुन्हा जात असेल तर पुन्हा द्यावे, हा यातला धडा होता. वैद्यकविश्वाने उलटा धडा घेतला : हा उपाय टिकत नाही. लाटा १८३३ मध्ये वारला. उपाय त्याच्यामागे फार दिवस जगला नाही.

९/
ओशॉनसीचे पुढे काय झाले, हे नियतीने केलेल्या थट्टेसारखे आहे. १८३३ मध्ये तो कोलकात्यास आला, म्हणजे पटकीच्या माहेरीच. मेडिकल कॉलेजात प्राध्यापक झाला, भांगेच्या औषधी गुणांवर लिहिले, हिंदुस्थानात तारायंत्राचे जाळे उभारले आणि ‘सर’ झाला. आज त्याचे नाव तारांच्या इतिहासात सापडते. ज्या एका कल्पनेने लाखो जीव वाचले असते, ती त्याच्या चरित्रातील तरुणपणीचा एक किस्सा होऊन राहिली.

१०/
आता १८८४ कडे. कॉखचा मोठेपणा नाकारण्याचे कारण नाही. फिलिपो पाचिनी याने हा जंतू १८५४ मध्येच फ्लॉरेन्समध्ये पाहिला होता, त्याच वर्षी जॉन स्नोने लंडनमध्ये दूषित पाण्याकडे बोट दाखवले होते. पण जंतू वेगळा वाढवून त्याचा रोगाशी संबंध जोडला तो कॉखनेच. १८९२ मध्ये हॅम्बुर्ग शहरात हजारो लोक मेले आणि शेजारचे आल्टोना गाळलेल्या पाण्यामुळे बचावले, तेव्हा त्याचे म्हणणे डोळ्यांना दिसले. युरोपातली पटकी गेली ती नळ आणि गटारे यांमुळे.

११/
पण ज्या देशात कॉखला जंतू सापडला त्या देशाला काय मिळाले? हिंदुस्थान सरकारचा सॅनिटरी कमिशनर जे. एम. कनिंगहॅम याने पटकी पाण्यातून पसरते हे म्हणणे वर्षानुवर्षे नाकारले. सुएझ कालवा खुला झाला होता. रोग संसर्गजन्य आहे असे मान्य करणे म्हणजे जहाजांवर विलग्नवास ओढवून घेणे आणि व्यापाराला खीळ. त्याऐवजी बोट दाखवणे सोपे होते पुरीच्या यात्रेकरूकडे आणि पंढरपूरच्या वारकऱ्याकडे. नळ मात्र आधी गोऱ्यांच्या छावणीला.

१२/
जंतू सापडल्याने शास्त्राचीही एका बाबतीत दिशाभूल झाली. हा जंतू एखादे विष तयार करत असावा, अशी अटकळ खुद्द कॉखने बांधली होती. परंतु १८९२ मध्ये रिचर्ड फायफर याने जंतूच्या शरीरातच असलेले, जंतू मेल्यावर सुटणारे विष पुढे आणले आणि बहुतेक संशोधक त्याच्यामागे धावले. दुसरीकडे, आतड्याचे अस्तर सोलून निघते म्हणून पाणी गळते, अशीही समजूत रूढ होती. या दोन चुकीच्या समजुतींवर अर्धे शतक खर्ची पडले.

१३/
या सगळ्यात लाटाचे मिठाचे पाणी पूर्ण विसरले गेले असे नव्हे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात लेनर्ड रॉजर्स याने कोलकात्यात जास्त मिठाचे सलाईन शिरेतून देऊन मृत्यूचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आणले. यश खरे होते, पण ते रुग्णालयाच्या भिंतींत अडकले. निर्जंतुक द्रव, सुई, नळी, हात बसलेला डॉक्टर हे सारे ज्या गावात नव्हते, त्याच गावात पटकी होती.

१४/
प्रश्न दोन होते. आतडे पाणी का सोडते? आणि सुईशिवाय ते पाणी परत कसे द्यावे? पहिल्याचे उत्तर ज्याने दिले तो हुगळी जिल्ह्यातील गरीबाटी या खेड्यात १९१५ मध्ये जन्मला : शंभुनाथ दे. कोलकात्याचे वैद्यकीय शिक्षण, लंडनला रॉय कॅमेरॉन यांच्या हाताखाली पीएच.डी., आणि १९४९ च्या सुमारास परत. परत आला तो कोणत्याही मोठ्या संशोधन संस्थेत नव्हे, तर वैद्यकीय महाविद्यालयाच्या विकृतिशास्त्र विभागात, जिथे शिकवणे आणि शवविच्छेदने यांतून उरलेल्या वेळात संशोधन करायचे.

१५/
दे यांच्यापूर्वीचे संशोधक प्राण्याच्या पोटाच्या पोकळीत जंतू टोचत. प्राणी मरे, पण पटकीने नव्हे, रक्तात विष भिनून. दे यांनी साधा प्रश्न विचारला : रोग आतड्यात आहे, तर प्रयोग आतड्यात का नको? सशाच्या लहान आतड्याचा एक तुकडा, शरीरापासून न तोडता, दोन्ही टोकांना रेशमी दोऱ्याने बांधायचा. त्यात जंतूंचा द्रव सोडायचा. पोट शिवून दुसऱ्या दिवशी पाहायचे. तो तुकडा तांदळाच्या धुवणासारख्या पाण्याने तट्ट फुगलेला निघाला. हा शोधनिबंध १९५३ चा.

१६/
असाच प्रयोग १९१५ मध्ये युरोपीय संशोधकांनी नोंदवला होता आणि तो साफ विसरला गेला होता. दे यांनी तो स्वतंत्रपणे पुन्हा शोधला. पण खरा घाव पुढचा आहे. जंतू वाढवलेला द्रव त्यांनी असा गाळला की त्यात एकही जंतू उरला नाही. तो निव्वळ गाळलेला द्रव आतड्यात सोडला. आतडे तसेच फुगले. याचा अर्थ जंतू मरावा लागत नाही, अस्तर सोलावे लागत नाही. जिवंत जंतू बाहेर टाकतो ते विषच आतड्याकडून पाणी वाहवते.

१७/
हा निबंध ३० मे १९५९ च्या ‘नेचर’मध्ये आला. लेखक एकच. त्याच वर्षी मुंबईत, परळच्या हाफकिन संस्थेत, दत्त, पानसे आणि कुलकर्णी यांनी सशाच्या पिलांवरील वेगळ्या प्रयोगांतून पटकीच्या विषाचे काम दाखवले. म्हणजे कॉखनंतर ७५ वर्षांनी विषाचा प्रश्न सुटला तो बर्लिन किंवा पॅरिसला नव्हे, कोलकाता आणि मुंबई येथे. मराठी मुलांच्या पाठ्यपुस्तकात परळची ही प्रयोगशाळा केवळ प्लेगच्या लसीपुरती उरली आहे.

१८/
लगेचच बँकॉकमध्ये युजीन गँगारोसा आणि सहकाऱ्यांनी जिवंत रोग्यांच्या आतड्याचे नमुने तपासले. अस्तर शाबूत होते. विष पेशीच्या पृष्ठभागाला चिकटते, आत एक तुकडा सोडतो, आणि पेशीतील एक कळ दाबून धरल्यासारखी अडकते. क्लोराइडचे दार उघडे राहते, मीठ बाहेर पडते, त्याच्या मागोमाग पाणी. पेशी मरत नाही. ती नको ते काम थांबवू शकत नाही, एवढेच. अमेरिकेत फिंकलस्टीन आणि लोस्पालुटो यांनी १९६९ मध्ये हे विष शुद्ध स्वरूपात वेगळे केले.

१९/
आता दे यांच्या वाट्याला काय आले ते पाहावे. समाजमाध्यमांवर एक रेडीमेड उत्तर फिरते : पश्चिमेने भारतीय शास्त्रज्ञाला डावलले. नोबेल मिळाले नाही हे खरे. पण त्यांचा निबंध छापला ‘नेचर’ने. नोबेलसाठी त्यांचे नाव सुचवले ते जोशुआ लेडरबर्ग या अमेरिकी नोबेलविजेत्याने, आणि एकदाच नव्हे. १९७८ मध्ये पटकीवरील नोबेल परिसंवादाला त्यांना स्टॉकहोमने बोलावले. मग घरच्यांनी काय दिले?

२०/
देशातील एकही मोठा सन्मान त्यांना हयातीत मिळाला नाही. विष शुद्ध करण्यासाठी लागणारी साधने त्यांच्याजवळ नव्हती. ते काम इतरांनी परदेशात पुरे केले. स्टॉकहोमच्या त्या परिसंवादात, आपण १९६० च्या दशकाच्या आरंभीच मेलो होतो आणि आता आपल्याला उकरून काढले गेले, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले. १९८५ मध्ये ते गेले. ‘करंट सायन्स’ने त्यांच्यावर विशेषांक काढला, तो १९९० मध्ये. परक्याच्या माथी दोष मारून घरातला हिशेब मिटत नाही.

२१/
दुसऱ्या प्रश्नाकडे वळू या : पाणी तोंडाने का देऊ नये? कोलकात्याचेच हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी ते दिले. एक लिटर पाण्यात ४ ग्रॅम मीठ आणि २५ ग्रॅम ग्लुकोज. उलट्यांवर औषध आणि जुलाबांवर पानओव्याच्या पानांचा रस. सौम्य ते मध्यम स्वरूपाच्या १८६ रोग्यांचा हा अनुभव १९५३ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये छापला गेला. त्यावर जगाने काय केले? काहीही नाही.

२२/
आक्षेप होते आणि ते खरे होते. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. मोजमापे अपुरी होती. ग्लुकोज का घालायचे याचे कारण चटर्जींनी सांगितले नव्हते. ते तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. पण प्रयोग अपुरा असेल तर तो पुरा करणे हे शास्त्र. अपुरा म्हणून बाजूला ठेवणे ही ऐट. १८६ रोग्यांचा तो अनुभव खोटा ठरवायलाही एक चाचणी लागली असती. ती चाचणी कोणीही केली नाही. पंधरा वर्षे गेली.

२३/
कारण सापडले ते दवाखान्याबाहेर. ऑगस्ट १९६० मध्ये प्राग येथील सभेत रॉबर्ट क्रेन या जीवरसायनशास्त्रज्ञाने मांडले की आतड्याच्या पेशीत साखर एकटी शिरत नाही. ती सोडियमचा हात धरून जाते. एकाच दारातून दोघे, आणि त्यांच्यामागून पाणी. पटकीचे विष जे दार बिघडवते ते वेगळे; हे दार शाबूत राहते. म्हणजे नुसते मीठ-पाणी दिले तर ते वाहून जाते, साखर घातली की आत शोषले जाते. चटर्जींच्या ग्लुकोजचे रहस्य ते हेच.

२४/
मात्र प्रमाण चुकले तर हेच पाणी घात करते. १९६२ मध्ये रॉबर्ट फिलिप्स यांच्या गटाने फिलिपिन्समध्ये फार दाट द्रव वापरला आणि काही रोगी दगावले. फिलिप्स पुढे बरीच वर्षे जपून राहिले. ‘आजीबाईच्या बटव्यात हे सारे होतेच’ म्हणणाऱ्यांनी ही घटना ध्यानात ठेवावी. मीठ-गुळाचे पाणी परंपरेत असेलही. पण किती मीठ, किती साखर, किती पाणी आणि किती वेळा, हे ठरवून मोजल्यावाचून त्या ज्ञानाने साथ थांबली नव्हती. १९०० मधले ८ लाख मृत त्याला साक्ष आहेत.

२५/
निर्णायक चाचणी ढाक्यात झाली. तेथील पटकी संशोधन प्रयोगशाळेत डेव्हिड नॅलिन, रिचर्ड कॅश आणि त्यांचे स्थानिक सहकारी इस्लाम व मोल्ला यांनी तीव्र आजारी प्रौढांना ग्लुकोज-क्षारांचे द्रव तोंडाने दिले, आणि जेवढे जाते तेवढे मोजून परत दिले. शिरेतून द्यावे लागणारे सलाईन सुमारे ८० टक्क्यांनी कमी झाले. निबंध ऑगस्ट १९६८ च्या ‘लॅन्सेट’मध्ये आला. तरीही प्रतिष्ठित मत असे की हे तज्ज्ञांच्या देखरेखीतच जमेल; अडाणी लोकांच्या हाती द्यायचे हे काम नव्हे.

२६/
मग १९७१ आले. या वर्षाचे नाव घेताच इतिहासप्रेमीला माणेकशा आठवतात, १६ डिसेंबरची शरणागती आठवते, ९३ हजार युद्धकैदी आठवतात. त्याच वर्षीच्या जून महिन्यात सीमेवरच्या बनगाव येथे काय चालले होते, हे विचारले तर बहुतेकांकडे उत्तर नसते. पूर्व बंगालमधून सुमारे १ कोटी निर्वासित भारतात आले. पाऊस, चिखल, उघडी छावणी, आणि पटकी. मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांच्या घरात गेले होते.

२७/
कोलकात्याहून दिलीप महालनवीस नावाचे डॉक्टर तेथे पाठवले गेले. रुग्णालयाच्या खोल्या भरून रोगी जमिनीवर पडले होते. शिरेत सुई घालायची तर विष्ठा आणि वांती यांत गुडघे टेकून बसावे लागे. सुई घालू शकणारे प्रशिक्षित लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. सलाईनचा साठा संपत आलेला. महालनवीसांपुढे दोन वाटा होत्या : प्रस्थापित नियम पाळून माणसे मरू द्यायची, किंवा नियम मोडायचा.

२८/
त्यांनी नियम मोडला. ग्लुकोज २२ ग्रॅम, साधे मीठ साडेतीन ग्रॅम, खाण्याचा सोडा अडीच ग्रॅम, पाणी एक लिटर. कोलकात्यात पुड्या बांधल्या, प्लास्टिकच्या पिशव्या गरम इस्त्रीने चिकटवल्या, छावणीत पिंपांत पाणी मिसळले. आणि पेला कोणाच्या हाती दिला? रोग्याच्या आईच्या, भावाच्या, बायकोच्या. ज्यांच्याविषयी ‘यांना जमणार नाही’ असे शास्त्र म्हणत होते, त्यांच्याच हाती.

२९/
त्यांच्या देखरेखीखालील ३ हजारांहून अधिक रोग्यांत मृत्यूचे प्रमाण ३.६ टक्के राहिले. जे अतिगंभीर होते त्यांना उरलेले सलाईन देता आले, कारण बाकीच्यांना त्याची गरजच पडली नाही. येथेही तुलनेचा गट नव्हता आणि येथेही शंका घेतल्या गेल्या. पण या वेळी जागतिक आरोग्य संघटनेचे धीमान बरुआ छावणीत स्वतः आले, त्यांनी पाहिले आणि ते मत घेऊन जिनिव्हास गेले. चटर्जींच्या वेळी असा येऊन पाहणारा कोणी भेटला नाही. पटकीच्या इतिहासातील दुसरी तारीख ती हीच : बनगाव, १९७१.

३०/
पुढचे श्रेय तर आणखी निनावी आहे. १९८० ते १९९० या दशकात बांगलादेशात ब्रॅक या संस्थेच्या स्त्री-कार्यकर्त्या दारोदार फिरल्या. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी, एवढा धडा त्यांनी १ कोटी २० लाखांहून अधिक घरांत शिकवला. त्यांचा मेहनताना ठरे तो आयांच्या लक्षात किती राहिले यावर. शिक्षकाचे वेतन विद्यार्थ्याच्या स्मरणाशी बांधलेले, अशी व्यवस्था किती विद्यापीठांना मानवेल?

३१/
१९७८ मध्ये ‘लॅन्सेट’ने साखर आणि सोडियम यांच्या या जोडीच्या शोधाला शतकातील सर्वांत महत्त्वाची वैद्यकीय प्रगती ठरू शकेल असे म्हटले. चटर्जींचा निबंध छापून गप्प बसलेले नियतकालिक तेच. या द्रवाने आजवर ५ कोटींहून अधिक जीव वाचवले असा अंदाज मांडला जातो, आणि त्यांत बहुसंख्य मुले आहेत. महालनवीस ऑक्टोबर २०२२ मध्ये निधन पावले. पद्मविभूषण जाहीर झाले जानेवारी २०२३ मध्ये. देशाने बनगाव ओळखायला ५१ वर्षे घेतली आणि तीन महिने उशीर केला.

३२/
हा केवळ सत्काराचा वाद नाही. महाराष्ट्रात ज्याला जलसंजीवनी म्हणतात, त्या ओआरएसचे प्रमाण २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आणखी सौम्य केले : एका लिटरला साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज. तरी औषधांच्या दुकानांत ‘ओआरएस’ हे नाव मिरवणारी कितीतरी गोड पेये विकली जात होती. जास्त साखर आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढवते. अशा नावांवर भारताच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये बंदी घातली. इतिहास ठाऊक नसला की मूल आजारी असताना आई चुकीचे खोके विकत घेते.

३३/
यावर कोणी म्हणेल, नळाचे पाणी शुद्ध असले तर जलसंजीवनी लागेलच कशाला? अगदी बरोबर. शुद्ध पाणी हा पहिला हक्क आहे आणि पुडी त्याची जागा घेऊ शकत नाही. पण नळ येईपर्यंतच्या काळात जी माणसे जगतात, त्यांचा जीवही जीवच असतो. गटार बांधायला वीस वर्षे लागतात. पटकी वीस तासांत संपवते. दोन्ही कामे एकाच वेळी करायची असतात, आणि दोन्ही टाळायला एकमेकांची सबब चालत नाही.

३४/
म्हणून पाठ्यपुस्तकातील ओळ बदलावी लागेल. कॉखचे नाव खोडायचे नाही; त्याच्यापुढचा पूर्णविराम खोडायचा आहे. त्या जागी स्वल्पविराम देऊन पुढे लिहायचे : ओशॉनसी, लाटा, रॉजर्स, चटर्जी, दे, परळचे दत्त, पानसे आणि कुलकर्णी, प्रागचा क्रेन, ढाक्याचे नॅलिन, कॅश, इस्लाम आणि मोल्ला, बनगावचे महालनवीस. ही यादी एका देशाची नाही, एका वंशाची नाही, आणि शेवटच्या नावावर संपतही नाही. तिच्या टोकाला तीन बोटांच्या चिमटीत मीठ धरलेली एक बाई उभी आहे. तिचे नाव कोणी लिहून ठेवले नाही.

३५/
लढाईच्या इतिहासात किल्ला कोणी पाहिला याला कोणी विजय म्हणत नाही. तो घेतला कधी, हे विचारतात. रोगाच्या इतिहासातही तोच न्याय लावावा. १८८४ मध्ये शत्रूचा किल्ला दिसला. १९५९ मध्ये त्याची चोरवाट कळली. १९७१ मध्ये, चिखलात, सैन्यावाचून, मीठ-साखरेच्या पाण्याने तो घेतला गेला. तारीख पाठ करायची असेल तर ती करावी.

(समाप्त)